आढ्याचं वजन

बडोद्याजवळच्या एका जुन्या कारखान्याचं छप्पर तपासायला गेलो, तेव्हा निकाल मी मनात आधीच लिहून टाकला होता: छप्पर राहू द्यावं.

छप्पर हायपर जातीचं. १५ मीटर चौरसावर चार पिळदार तुकडे मध्ये आढ्यांना जुळलेले, जाडी अवघी साडेसात सेंटिमीटर. असली छपरं आता फारशी कोणी बांधत नाही. सेंटरिंगची मजुरी परवडत नाही. फेलिक्स कांदेलाने १९५८ मध्ये मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या उपाहारगृहावर घातलेल्या, चार सेंटिमीटर जाडीच्या छपराचा फोटो कॉलेजपासून माझ्या टेबलावर आहे. तेव्हा मी तटस्थ नव्हतोच.

गणितही माझ्याच बाजूचं. मेम्ब्रेन सिद्धांत धरून चालतो की पातळ कवच वाकत नाही. भार पृष्ठभागातूनच कडेच्या तुळयांकडे सरकतो. भार गुणिले दोन्ही बाजू, भागिले उंचीची दुप्पट. चौरस मीटरला ३०० किलो भार, प्रत्येक तुकड्याच्या बाजू साडेसात मीटर, उंची दीड मीटर. उत्तर मीटरला ५,६२५ किलो. जाडीवर वाटलं तर चौरस सेंटिमीटरला साडेसात किलो. काँक्रीट आणि आतल्या सळया हे सहज पेलतात. मी वही मिटली.

शिडी धरून उभा असलेला मुकादम म्हणाला, "साहेब, आधी पावसाचं पाणी कोपऱ्यांकडे पळायचं. चार-पाच वर्षं झाली, मधोमध साचतं."

लेव्हल लावून पाहिली. मध्य नकाशातल्यापेक्षा ११ सेंटिमीटर खाली होता.

माझ्या सूत्रात आढ्यांच्या जड तुळयांचं स्वतःचं वजन नव्हतंच. ते पेलायला कवचाला वाकावंच लागतं, आणि सततच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं दबत राहतं. उंची दीड मीटरवरून १.३९ वर आली की त्याच सूत्राने जोर सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो. वरून साचलेल्या पाण्याचं वजन. वाकलं म्हणून जोर वाढतो, जोर वाढला म्हणून आणखी वाकतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या टकर हायस्कूलच्या व्यायामशाळेचं याच जातीचं छप्पर असंच खचत खचत १९७० मध्ये कोसळलं होतं. मला ते माहीत होतं. तरी मी वही मिटली होती.

अहवालात लिहिलं: आढ्यांखाली टेकू लागेपर्यंत काम बंद. मालक चिडले. अकरा जणांची पाळी गेली. त्यांत मुकादमही होता.

निघताना त्याने विचारलं, "साहेब, पडलं असतं का खरंच?"

"सांगता येत नाही, काका."

"मग मी उगाच बोललो," तो म्हणाला. थोडा थांबून पुन्हा म्हणाला, "नाही, उगाच नाही."

फोटो अजून टेबलावर आहे. पण आता कुठल्याही छपराखाली गेलो की वही उघडण्याआधी तिथल्या माणसाला विचारतो, पाणी कुठे साचतं?