टेप लावलेला पाना

जुन्या व्हॅनमध्ये अंथरूण, पंखा, छोटा फ्रीज बसवायचा आणि आई-बाबांना टिपेश्वरचं जंगल दाखवायला न्यायचं, हे खूळ माझंच. त्यासाठी परवा यवतमाळच्या घरी अंगणात लिथियम बॅटरी जोडायला बसलो. ३.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट, साठा सव्वा युनिटचा. लिथियम आयर्न फॉस्फेट मुद्दाम घेतलं. आपल्याकडच्या ४५ अंशांत ते इतर लिथियमपेक्षा शांत स्वभावाचं.

बाबा खुर्ची टाकून बघत होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत न चुकता डिस्टिल्ड वॉटर टाकणारा माणूस!

"पानी कुठून टाकतं रे याच्यात?"

मी हसलो, आणि हातातला पाना निसटून सेलच्या दोन टोकांवर आडवा पडला. फाट्! ठिणगी उडाली, पान्याला खड्डा पडला. बीएमएस आणलं होतं, पण थेट सेलवर पडलेल्या पान्यापुढे तेही काय करणार?

बाबा रागावले नाहीत. काळी टेप आणून त्यांनी पान्याची दांडी गुंडाळली, माझ्या बोटातली अंगठी काढायला लावली.

"आता कर."

पाणी न लागणारी बॅटरीही कुणाच्या तरी काळजीवरच चालते... असो. गाडी तयार आहे!