वायुभार आणि गळ

आमच्या दिवाणखान्यात एक जुना वायुभारमापक टांगलेला आहे. वडिलांना गळ टाकण्याचा भारी शौक. नाशिकहून गंगापूरच्या धरणाकडे निघण्यापूर्वी ते त्याच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करीत. काटा उतरू लागलेला असला, तर "आज मासा लागणार" म्हणून स्वारी खुशीत निघे. चढत असला, तर कुरकुरत निघे. निघे मात्र खचितच!

परवा अमेरिकेतील मिनेसोटाहून भाच्याचे पत्र आले. तिकडे हिवाळ्यात सरोवरे गोठतात आणि बर्फाला भोक पाडून लोक त्यातून गळ सोडून बसतात. तेही म्हणे आधी वायुभार पाहतात. वादळापूर्वी भार उतरू लागला की मासा अधाशी होतो; वादळ सरून आभाळ निवळले, भार चढला, की तो तोंड मिटून बसतो, अशी त्यांच्यापैकी पुष्कळांची श्रद्धा आहे. वडिलांचा संप्रदाय इतका दूरवर पसरलेला पाहून मला मौज वाटली.

या श्रद्धेचा हिशेब मी कॉलेजात असतानाच मांडला होता. पारा पाण्याहून साडेतेरा पट जड. काटा पाव इंच उतरणे ही नाशकास मोठीच घडामोड. पण पाव इंच पारा म्हणजे जेमतेम साडेतीन इंच पाणी! पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते व भारातील फरक तिला जाणवतो, हे खरे. परंतु वीतभर वर-खाली पोहताच मासा याहून मोठा फरक सहज सोसतो. शिवाय आपल्याकडे काटा रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. म्हणजे वडिलांचा उतरता काटा पुष्कळदा निव्वळ तिसरा प्रहर असे! माशाला खुणावणारी गोष्ट असलीच, तर ती भाराबरोबर बदलणारा वारा, ढग आणि उजेड, असे मला वाटते.

हा कागद मी वडिलांना दाखवणार होतो. तेवढ्यात त्यांचे पाय थकले. मग ते खुर्चीत बसून मला धाडू लागले, "जा, आज काटा उतरतोय." सायंकाळी मी रिकाम्या हाताने परतलो, की ते कष्टाने उठत, काच वाजवीत आणि म्हणत, "मध्येच चढला बघ." परीक्षेतील माझे अपयश त्यांनी कधी दुसऱ्या कोणाच्या माथी मारू दिले नव्हते, हे अपयश मात्र ते स्वतः होऊन हवेच्या माथी मारीत. तो कागद खणातच राहिला.

भाच्याला उत्तर लिहिताना साडेतीन इंचांचा हिशेब मी कळवला. खरे ते लपवू नये. खाली एवढेच जोडले: तथापि निघण्यापूर्वी काचेवर बोट वाजवीत जा. तुझे आजोबा वाजवीत असत.