पटावरची सोळा नावे

गेल्या पावसाळ्यात पुतणीकडे गेलो होतो. एका आडगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती मुख्याध्यापिका आहे. पहिली ते पाचवीची मिळून १६ मुले आणि शिक्षक दोन! ६० मुलांपर्यंत शिक्षक दोनच, हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब. कारकून तीच, शिपाईही तीच, आणि खिचडीच्या तांदळाचा हिशेबही तिच्याकडेच.

मी लगेच दिपोटी झालो. चौथीतल्या एका मुलीने धडा खडखडीत वाचला. भागाकाराला मात्र गाडी अडली.

"काका, भागाकाराच्या वेळीच वरून माहिती मागतात," पुतणी ओशाळून म्हणाली.

संध्याकाळी शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरली. तीत तीन-चतुर्थांश पालक, आणि निम्म्या स्त्रिया. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची कल्पना शासनाने २०२३ साली मांडली, तेव्हापासून साऱ्यांना एकच धास्ती.

मी शहाणपणा केला, "मोठ्या शाळेत मुले अधिक शिकतील."

त्या मुलीची आई पदर सावरीत म्हणाली, "शिकतील की, दादा. पण ओढा भरला म्हंजे पोरं जायची कशी?"

मी गप्प बसलो.

सकाळी पुतणी माहिती भरीत होती. मी खडू घेतला आणि त्या मुलीला भागाकार शिकवू लागलो. तिसरे उदाहरण तिला आपले आपण सुटले.

माझी एस्टी मात्र चुकली.