पडलेली गाडी उभी करतांना

पडणें हें कोणालाच चुकलेलें नाहीं. चालूं लागलेलें मूल पडतें, झाडावर चढणारा पडतो, आणि दोन चाकांवर बसून वाऱ्याशीं शर्यत लावणारा तर केव्हांतरी पडतोच. सायकल पडली तर ती एका हातानें उचलावी, कपडे झटकावे आणि कोणी पाहिलें तर नाहीं ना, अशी चौफेर नजर टाकून पुढें निघावें, एवढ्यावर भागतें. परंतु जड मोटारसायकल एकदां आडवी झाली म्हणजे ती सहजासहजीं उठत नाहीं. १९५५ सालीं मद्रास येथें, म्हणजे आजच्या चेन्नईंत, जिच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली व जिचा आवाज आतां आमच्या खेडोपाडीं ओळखीचा झाला आहे, ती बुलेटच घ्या ना! साडेतीनशें सी. सी.च्या आजच्या बुलेटचें वजन सुमारें १९५ किलो भरतें. म्हणजे पन्नास किलोंचीं जवळजवळ चार पोतीं. असें धूड भर रस्त्यांत आडवें झालें असतां काय करावें, याचा विचार आमच्या बालवाचकांनीं व त्यांच्या पालकांनींही एकदां स्वस्थपणें करून ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी पडली कीं मनुष्याला प्रथम जी जाणीव होते ती बहुधा दुखापतीची नसते, लाजेची असते. चार लोक पाहत आहेत, या विचारानें तो घाईघाईनें वांकतो, हँडल धरतो व कंबरेंतून हिसका देतो. आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहतात. तरुणपणीं ते तालमींत घुमलेले. दंड अजून पिळदार आहेत. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं आपली पडलेली गाडी अशीच रागारागानें उचलली. गाडी उभी राहिली खरी, पण पाठींत अशी उसण भरली कीं पुढें तीन आठवडे त्यांनींच अंथरूण धरलें. बळ नव्हतें असें नाहीं. तें कोठें लावावें हें ठाऊक नव्हतें, इतकेंच.

विज्ञानाच्या तासाला तरफेचा पाठ आपण सर्वांनींच शिकलेला असतो. टेकू, भार आणि बळ या तिघांचें नातें फळ्यावर काढून दाखवितात, आणि परीक्षा संपली कीं आपण तें विसरून जातों. पण आडवी पडलेली गाडी ही तरफच आहे. चाकें जमिनीस टेकतात तेथें टेकू. गाडीचा गुरुत्वमध्य हा भार. आणि आपले हात लागतात तेथें बळ. गुरुत्वमध्य टेकूपासून जितका दूर, त्याच्या दुप्पट अंतरावर हात लागले, तर उचलणाऱ्याच्या वांट्यास आरंभीं सुमारें निम्माच भार येतो. गाडी जसजशी वर येते तसतसा तोही कमी होत जातो, आणि ती सरळ उभी राहिली कीं भार जवळजवळ उरतच नाहीं. म्हणून पहिली वीतभर उंचीच काय ती कठीण. दुसरी गोष्ट शरीराची. मांड्यांचे स्नायू हे आपल्या देहांतल्या सर्वांत बळकट स्नायूंपैकीं होत. पाठ ही खांबासारखी ताठ ठेवण्यासाठीं आहे. यारीसारखी वांकवून ओझें ओढण्यासाठीं नव्हे.

हें सारें आम्हांस पुस्तकांतून समजलें होतें; डोळ्यांनीं पाहण्याचा योग आमच्या एका माजी विद्यार्थिनीमुळें आला. ही मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून एका आडगांवच्या आरोग्य केंद्रांत काम करते. अंगानें किडकिडीत, वजन पन्नास किलोंहून अधिक नसावें. तिचा थोरला भाऊ सैन्यांत गेल्यापासून त्याची बुलेट अंगणांत धूळ खात उभी होती. रात्रीं अपरात्रीं वाडीवस्तीवर बाळंतिणीकडे जावें लागतें, एस. टी. मिळत नाहीं, म्हणून तिनें ती गाडी मागितली. चालवितां येत होती, परवानाही होता. पण आबांनीं एकच अट घातली : “पडली तर रानांत हाक मारायला कोण आहे? एकटीनें उभी करून दाखव, मग किल्ली घे.”

अट कठोर वाटेल. पण बापाच्या काळजाला तिच्याहून सोपी अट सुचणेंही शक्य नव्हतें. एका रविवारीं अंगणांत पोतीं अंथरून गाडी हलकेच उजव्या कुशीवर निजविली. शेजारींपाजारीं जमले, त्यांत आम्हीही होतों. पहिल्या खेपेस ती गाडीकडे तोंड करून वांकली व ओढूं लागली; गाडी हललीही नाहीं. दुसऱ्या खेपेस जेमतेम हातभर उचलली गेली व पुन्हां खालीं बसली. कोणीतरी मागून हंसलें. आबा मात्र मान खालीं घालून उभे होते. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, “आबा, रोग्याला खाटेवर सरकवतांना आम्ही कंबरेंतून कधीं वांकत नाहीं. आणि गाडीला पाठ द्यावी, असें मिस्तरी सांगत होता. आतां तसें करून बघतें.”

तिनें काय केलें तें क्रमानें सांगतों. किल्ली बंद असल्याची तिनें प्रथम खात्री करून घेतली. गाडी उजव्या कुशीवर असल्यामुळें डावीकडचा स्टँड वरच होता. तो तिनें आधींच उघडून ठेवला, म्हणजे गाडी उभी राहून पलीकडे कलंडली तरी स्टँडवर टेकेल. गाडी गिअरमध्यें होतीच, त्यामुळें चाक फिरण्याची भीति नव्हती. मग हँडल उजवीकडे पूर्ण वळवून तिनें खालची मूठ टाकीजवळ आणली. नंतर गाडीकडे पाठ करून, कंबरेखालचा भाग आसनाच्या कडेस टेकवून, खुर्चीवर बसावें तशी ती खालीं बसली. डाव्या हातांत ती मूठ, उजव्या हातांत आसनाखालचा सांगाडा. दोन्ही हात अंगालगत, पाठ ताठ, नजर समोर. पाय रोवून तिनें केवळ मांड्यांच्या जोरानें मागें रेटा दिला, आणि मग लहान लहान पावलें टाकीत ती मागें मागें सरकूं लागली. गाडी उठूं लागली! अर्ध्यावर आल्यावर तिनें घाई केली नाहीं. शेवटची वीत तर अगदीं हळुवारपणें चढविली. गाडी स्टँडवर विसावली तेव्हां अंगणांत कोणी हंसत नव्हतें.

आबांनीं शाबासकी दिली नाहीं. त्यांनीं कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “मागच्या चाकांत हवा कमी आहे. जातांना भरून घे.”

अंगणांतली गोष्ट रस्त्यावर थोडी निराळी होते, हेंही सांगितलें पाहिजे. रस्त्यावर आधीं मनुष्य पाहावा, मग गाडी. कोणास लागलें असल्यास त्याची व्यवस्था प्रथम. वाहतूक चालू असेल तर येणाऱ्यांस हात करून थांबवावें. इंजिन तत्काळ बंद करावें. जुन्या गाडीचा पेट्रोल कॉकही फिरवावा. पेट्रोल सांडलें असेल तर जवळ काडी ओढूं देऊं नये. सायलेन्सर तापलेला असतो, त्यास हात लागूं देऊं नये. दुधाचे कॅन, पिशव्या इत्यादि ओझें आधीं उतरावें. गाडी डाव्या कुशीवर पडली असेल तर स्टँड आधीं उघडतां येत नाहीं. म्हणून ती सरळ झाल्यावर पायानें तो उघडेपर्यंत तिला सोडूं नये. उतारावर चाकें वरच्या अंगास असतील, तर गाडी जमिनीवरच फिरवून चाकें खालच्या अंगास आणावीं. चिखलांत पायाखालीं खडी किंवा फांद्या टाकाव्या. उभी केल्यावरही लगेच स्वार होऊं नये. ब्रेक, क्लच आणि हँडल नीट आहेत कीं नाहींत, तें आधीं पाहावें.

जपानांत मोटारसायकल शिकविणाऱ्या शाळांतून आडवी गाडी उभी करण्याचा धडा अगदीं आरंभींच देतात. चालविण्यापूर्वीं उचलणें, हा क्रम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या विद्यार्थ्यांस अठरा वर्षें पूर्ण झाल्याखेरीज कायद्यानें अशी गाडी चालवितां येणार नाहीं. परंतु गुडघे वांकवून, पाठ ताठ ठेवून ओझें उचलण्यास वयाची अट नाहीं. पाण्याची घागर असो वा दप्तर असो, संवय आजपासूनच लावावी.

आणि शेवटीं एक. तीन वेळां यत्न करूनही गाडी उठली नाहीं, तर सावलींत बसावें व येणाऱ्याची वाट पाहावी. एकानें हँडल धरावें, दुसऱ्यानें मागचा भाग, आणि दोघांनीं एकदम “हं” म्हणावें. मदत मागण्यांत कमीपणा नाहीं. गाडीचा पत्रा मिस्तरी ठोकून देतो; मोडलेली पाठ ठोकून देणारा कारागीर मात्र अजून कोणास भेटलेला नाहीं.