नुसतं ‘कर’

“त्या बिल्डिंगमध्ये बाई आहे,” वॉचमन म्हणाला.

“कोण बाई?”

“ते कसं सांगू ताई? बाई आहे, एवढंच.”

वाशीतली ती इमारत काही वर्षं रिकामी आहे. तळमजला आणि वर तीन मजले, सगळी एका-दोन खोल्यांची घरं. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींत स्लॅबचे तुकडे पडायला लागले, तेव्हा त्यांतली बरीच कुटुंबं संक्रमण शिबिरात गेली. ही इमारत तशीच, एका फटक्यात नाही, एकेक घर करून रिकामी झाली. आता आजूबाजूची पोरं तिला भूतबंगला म्हणतात. बंगल्यातलं काहीही तिच्यात कधी नव्हतं.

मला भुतापेक्षा ते ‘एवढंच’ लागलं. आपल्याकडच्या भुतांना पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, वेताळ गावाच्या शिवेवर. नुसता पत्ता नाही, मागचं आयुष्यही असतं. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला, तो मुंजा झाला. त्याच्या आईचं दुःख त्या पिंपळाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. शनिवारवाड्याचंच घ्या. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. अमावास्येला तिथून “काका, मला वाचवा” अशी हाक येते म्हणतात. ती हाक ऐकू आलीच, तर माणूस घाबरण्याआधी हळहळेल. ते भूत नातं सांगून हाक मारतंय.

वाशीतल्या बाईला नाव नाही, नातं नाही, गाव नाही. सांगतात ती पांढरी साडीसुद्धा सिनेमातून आणून नेसवलेली.

नवी मुंबई हे शहर कागदावर आधी झालं. शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या मुंबईची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० ला ते शहर वसवायला सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन आराखड्यात आली. शेतं, मिठागरं, बांध, शिवा यांवर सेक्टर बसले. सेक्टरला आकडा असतो, शीव नसते. वेताळानं बसायचं कुठे?

एका रविवारी सकाळी वॉचमनला सांगून मी वर गेले. फक्त पहिल्या मजल्यापर्यंत, त्यापुढे त्यानं जाऊ दिलं नाही आणि ते बरोबरच होतं. छतातल्या सळया उघड्या पडल्या होत्या. खाडीची खारी हवा काँक्रीटमध्ये मुरते, आतलं लोखंड गंजतं, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो आतून फुगत राहतो आणि एखाद्या रात्री खपली सुटून धप्पकन खाली येते. बंद घरात पाऊल वाजल्यासारखी. जिन्यात राखाडी गोळ्या पडल्या होत्या. एक काडीनं फोडली, तर आत उंदराचे केस आणि सुईच्या टोकाएवढे दात. गव्हाणी घुबडानं गिळून ओकलेल्या त्या गोळ्या. त्या घुबडाची किंचाळी ज्यानं ऐकली आहे, तो वॉचमनला हसणार नाही. शिवाय खाडीकडच्या खारफुटीत अजून कोल्हे आहेत. ते ओरडतात तेव्हा थेट माणसाचं मूल रडल्यासारखं वाटतं.

पण मी थांबले ती स्वयंपाकघरात. दाराच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: गॅस, दूध, डॉक्टर. पुढे सात आकडी फोन नंबर, म्हणजे २००२ मध्ये आधी २ लागला त्यापूर्वीचे. ओट्याच्या वर कोनाडा, त्यात तेलकट काळा डाग. रोज संध्याकाळी तिथे कुणीतरी दिवा लावत होतं. नांदत्या घराची खूण आपण दिव्यावरून सांगतो आणि घर बसलं की ‘दिवा लावायला माणूस राहिलं नाही’ म्हणतो. तो डाग बोटाला अजून चिकट लागला.

बेलापूरच्या बाजारात माझी एक मासेवाली आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतल्या एका गावची. उलवे, तरघर, कोंबडभुजे ही नावं ती अजून एखाद्या घरचं नाव घ्यावं तशी घेते. उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला, २५ डिसेंबर २०२५ ला विमानंही उडाली. मधली काही वर्षं तिथे दारं-खिडक्या काढून नेलेल्या घरांच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. तिचा मुलगा रात्री तिथे राहिलेल्या कौलांसाठी जायचा. मी विचारलं, त्याला भीती नाही वाटली?

कोलंबी सोलता सोलता तिनं वरही पाहिलं नाही. “भूत कंचा बाय? आसल त आमची आजी आसल.”

त्या पडक्या गावांना भूतबंगला कुणी म्हटलं नाही, ते का, हे मला त्या वाक्यानं कळलं. भिंत कुणाची, चूल कुणाची, कुठल्या ओटीवर कोण वारलं, सगळं तोंडपाठ. वाशीतल्या इमारतीत माणसं वीस-पंचवीस वर्षं राहिली, मुलांची लग्नं केली, आणि ती गेल्यावर पाचच वर्षांत शेजारच्या इमारतीला एकही नाव सांगता येत नाही. अंधाराइतकीच ही न आठवणारी जागा त्या बाईच्या उपयोगी पडली असणार.

त्या रविवारी उतरताना जिन्याखाली सभासदांच्या नावांचा फळा दिसला. ऑइलपेंटची अक्षरं ओलीनं डावीकडून सुटत गेलेली. मी मोबाइलचा उजेड धरला. खोली क्रमांक ३ समोर नुसतं ‘कर’. ५ समोर ‘कर’. ७ समोर एक काना आणि ‘कर’. सगळे कुठून कुठून आलेले, आडनावात आपापलं गाव घेऊन. गावं तेवढी पुसली होती.

“काय लिहिलंय ताई?” वॉचमननं बाहेरून विचारलं.

वर कुठेतरी धप्पकन काहीतरी पडलं. तो दोन पावलं मागे सरला. मी तो काना बोटानं पुसत उभी होते, आधी कुठलं अक्षर असेल ते लावून बघत.