सोपातली जागा

आमच्या यावलकडे केळीचा घड उतरवला की खोड बांधावर जातं. ते आडवं कापलं की एकावर एक सोप दिसतात आणि प्रत्येक सोपात जाळीदार कप्पे. लहानपणी ते कप्पे दाबून पाणी पिळायचो. आज पुण्यात त्याच कप्प्यांपासून बॅटरीचा ॲनोड करण्याचं माझं काम चालतं.

सोडियम-आयन बॅटरीचा ॲनोड म्हणजे चार्जिंगच्या वेळी सोडियम जिथे मुक्कामाला येतो ती बाजू. लिथियमला तिथे ग्राफाइट पुरतं. सोडियमचं ग्राफाइटशी जमत नाही. सोडियम मोठा म्हणून अडतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पोटॅशियम त्याहून थोराड, तरी ग्राफाइटमध्ये शिरतो. २००० साली कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोजपासून केलेला हार्ड कार्बन वापरला, तेव्हा वाट सापडली. त्यातले थर वेडेवाकडे आणि मध्ये पोकळ्या. २०१४ साली अल्बर्टा विद्यापीठात असा कार्बन केळीच्या सालीपासून केला गेला. तो शोधनिबंध वाचताना मला बांधावरची खोडं आठवली.

हार्ड कार्बन एका ग्रॅममागे साधारण ३०० मिलिअँपिअर-तास देतो. कथलाचा हिशेब ८४७ चा, पण सोडियम घेताना कथील फुगून जवळपास पाचपट होतं आणि सोडताना आकसतं. चार्ज-डिस्चार्जच्या चार-दोन फेऱ्यांत त्याचा चुरा होतो. म्हणून कथलाचे नॅनो कण कार्बनच्या कप्प्यांत बसवायचे, भोवती फुगायला जागा ठेवून.

पहिल्यांदा मी खोडाची भुकटी आणि कथलाचा क्षार एकत्रच भट्टीत घातला. हार्ड कार्बनला हजाराच्या वर अंश सेल्सिअस लागतात. कथील वितळतं २३२ ला. भट्टी उघडली तर भांड्यात कथलाचे चकचकीत मणी, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. सगळे कण वितळून एकमेकांत मिसळले होते. तेव्हापासून आधी कार्बन, मग कथील. खोड वाळवायचं, आर्गॉनमध्ये भाजायचं, आम्लाने धुवायचं, कारण केळीत पोटॅशियम फार. कथलाचं द्रावण कप्प्यांत मुरू द्यायचं. मग बर्फात ठेवून त्यात सोडियम बोरोहायड्राइड थेंबाथेंबाने सोडायचं. इथे घाई केली की कण बाहेरच जमतात, आत कोणीच जात नाही. मला हे हाताला कळायला वर्ष लागलं.

पुढे लेप. ही भुकटी, थोडा कार्बन ब्लॅक आणि सीएमसी या बंधकाचा चिकट घोळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पसरायचा. लिथियमसाठी इथे तांबं लागतं. सोडियमला ॲल्युमिनियम चालतं, मला याचं मोल फार वाटतं. पण माझे लेप वाळताना तडकत होते. सुट्टीत घरी आलो तेव्हा आई पहाटे अंगणात बिबडे घालत होती. ज्वारीचा घाटा ओल्या कापडावर, सगळीकडे सारखा पातळ. मी एक जाड घातला. ती म्हणाली, "असा जाड नको घालू रे, ऊन चढलं की तडकतीन." वरचा थर आधी आवळतो, आतलं पाणी मागे राहतं; कारण तेच. पुण्यात परतल्यावर मी लेप पातळ केला आणि ओव्हनऐवजी रात्रभर खोलीतच वाळू दिला.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातच केपीआयटी कंपनीने आयसर संस्थेबरोबर विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. त्या दिवशी आमच्या खोलीत कामापेक्षा बोलणंच जास्त झालं.

मला अजून छळते ती पहिली फेरी. पहिल्याच चार्जिंगला बराच सोडियम कार्बनच्या पृष्ठभागावर थर होऊन अडकतो, परत येत नाही. कप्पे बाहेरून जितके उघडे असतील तितका तोटा मोठा. म्हणजे आत जागा हवी, पण बाहेर तोंड मिटलेलं हवं. कुठल्या सोपात असे कप्पे मिळतात ते पाहायला यंदा बाहेरचे सोप आणि गाभ्याजवळचे सोप वेगळे करून घरीच वाळवले. दोन पिशव्या आल्यात; वर आईच्या अक्षरात लिहिलंय, ‘वरचे’ आणि ‘आतले’. उद्या ‘आतले’ भट्टीत जातील.