आणखी एक वळसा

बिरसीला दादाकडे गेलों कीं सायंकाळीं माझे पाय विमानतळाच्या बाजूस वळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रजांनीं बांधलेल्या या धांवपट्टीवर आतां नवे वैमानिक शिकतात. एखादें विमान उतरावयास येतें, पट्टी मोकळी न दिसल्यास जमिनीजवळूनच पुन्हां वर चढतें आणि वळसा घेऊन परततें. तें पाहतांना मला माझीं दोन वर्षें आठवतात.

एका संगणकांत अनेक प्रोसेसर आणि सर्वांची स्मृति एक असली, म्हणजे एकाच आंकड्यावर दोघांचे हात पडूं नयेत म्हणून जुनी रीत कुलपाची: एकानें किल्ली घ्यावी, बाकीच्यांनीं दारांत तिष्ठावें. १९९३ मध्यें हर्लिही व मॉस यांनीं निराळी वाट सुचविली. १९९५ मध्यें शाविट व तूइतू यांनीं तीच केवळ आज्ञावलीच्या बळावर साधण्याची रीत मांडली. कोणीं थांबूं नये. अखेरीस टक्कर झालीच, तर केलेलें पुसून पुन्हां आरंभ करावा.

या उदार कल्पनेवर मी भाळलों. चार प्रोसेसरांवर ती छान चालली. चौसष्टांवर नेली, तों काम एकट्या प्रोसेसराहूनही मंद! टकरी वाढल्या हें खरें. पण टकरी नसतांही वेळ जाई. प्रत्येक वाचन-लेखनाची नोंद ठेवा, ती तपासा. शिवाय व्यवहारांना क्रम देणारा सामायिक आंकडा एकच, आणि लिहिणारा प्रत्येकजण तो वाढविणार. तो आंकडा या प्रोसेसराकडून त्याच्याकडे अखंड धांवत राही. मोठ्या यंत्रांत स्मृतीही सर्वांना सारखी जवळ नसते. पुण्याच्या ‘सी-डॅक’नें १९९१ मध्यें ‘परम ८०००’ बांधतांना प्रत्येक प्रोसेसराला स्वतःची स्मृति देऊन निरोपांवर व्यवहार चालविला होता. मला तें जुनाट वाटे!

त्या दोन वर्षांत मी बिरसीला आलों नाहीं. आईच्या शेवटच्या दिवाळीलाही ‘या आठवड्यांत जमतेंच’ असें कळवून राहिलों. धानाची वही दादा एकटाच लिही.

पुढें मीं प्रत्येक प्रोसेसराला त्याची बेरीज वेगळी ठेवावयास दिली आणि अखेरीस सर्व बेरजा एकत्र केल्या. काम झालें, माझी लाडकी आज्ञावली मात्र त्यांत उरली नाहीं. दादाला हें सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, “मग तुझीही वही निराळी घाल. वर्षाखेर जुळवूं. पण जुळवायला तूं ये.”

समोरचें विमान खालीं येतां येतां पुन्हां वर गेलें. दादा उठेना. तें उतरेपर्यंत आम्ही दोघे तेथेंच बसलों.